आपल्या दारापुढचं कासव

सदाशिव पेठ, पुणे
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय कादंबरी,

मंगळवारी फोनवर तू म्हणालीस, "अखेर तुझ्या मनासारखं करून घेतलंस ना, आई," आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी दोनदा केला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा आमोदरावांनी उचलला आणि "ती जरा कामात आहे" म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे तुझं नशीब. म्हणून लिहिते आहे. फोनवर तू मधेच तोडतेस आणि मग मी रागावते. कागदावर दोघींनाही ते जमणार नाही.

आधी मुद्द्याचं. बाबांनी आपल्या दारापुढे रस्त्यावर काढलेलं कासव आता नाही. दिवाळीच्या तोंडावर त्याच्यावर डांबर पडलं. ते मी पाडलेलं नाही आणि कुणाला पाडायला सांगितलेलंही नाही. तुला कुणीतरी गल्लीतल्या आकाशकंदिलांचा फोटो पाठवला, त्यात खाली काळा पट्टा दिसला, आणि "काकूंनीच काढून घेतलं म्हणे" हेही त्यांनीच पुरवलं असणार. तू विश्वास ठेवलास याचं मला नवल वाटलं नाही. मी त्या चित्राच्या विरोधात होते हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, कारण मी ते उभं राहून सांगितलं होतं.

ते सगळं सुरू झालं तेव्हा तू नागपूरला होतीस, तुला बाबांच्या बाजूनेच कळलेलं आहे. माझ्या बाजूने ऐक. आपल्या कोपऱ्यावर क्लासची मुलं स्कूटर कशी वळवतात ते तू पाहिलं आहेस. एकाने भाजीवाल्या मैनाची पाटीच उडवली आणि वर तिलाच म्हणाला, "मावशी, बघून बसा ना." गतिरोधकासाठी अर्ज करून झाले होते. गल्ली अरुंद, शेजारी दवाखाना, रुग्णांना धक्के बसतील, असं उत्तर आलं. ते चुकीचं नव्हतं. मग तळमजल्यावरच्या शौनकने, तो आर्किटेक्ट आहे, टूम काढली की रस्ताच रंगवू. म्हणे रंग दिसला की डोळा थबकतो आणि हात आपोआप ब्रेकवर जातो. बाबा निवृत्तीनंतर कंपनीतल्या ड्रॉइंगबोर्डासारखा काहीतरी सपाट पृष्ठभाग शोधतच होते. त्यांना अख्खा रस्ता मिळाला.

पार्किंगमध्ये बैठक झाली. मी म्हटलं, रस्ता आपल्या दारापुढे आहे म्हणून आपला होत नाही. त्यावरून जाणाऱ्या, इथे न राहणाऱ्या माणसाचाही तो तेवढाच आहे, त्याला कोण विचारणार? आज तुम्ही फुलंपानं काढाल. उद्या एखादं मंडळ दादांचा चेहरा काढेल आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहील, त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणाल? रंग उडायला लागला की परत कोण लावणार? आणि रस्ता खणला की कुणाकडे रडणार? तुला माहीत आहे मी कशी बोलते. वेधशाळेत तीस वर्षं पावसाचे आकडे लिहिले, त्यात "बऱ्यापैकी पडला" असं लिहायची सोय नव्हती. माझं बोलून झालं. मग बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "हेमाचं सगळं बरोबर आहे. फक्त एवढंच, की तो दादांचा फ्लेक्स आत्ताही कोपऱ्यावर आहे. तो लावताना अशी बैठक कुठे झाली होती, मला तरी बोलावणं नव्हतं." सगळे हसले. मी हसले नाही. घरी आल्यावर त्यांना म्हटलं, चारचौघांत आधी बरोबर म्हणायचं आणि मग पाडायचं, ही तुमची जुनी खोड आहे. ते म्हणाले, "बरोबर म्हणालो ते खरंच म्हणालो."

वॉर्ड ऑफिसात अशा गोष्टीसाठी नियमच नव्हता, त्यामुळे हो म्हणणाराही कुणी नव्हता आणि नाही म्हणणाराही. एका इंजिनिअरांनी तोंडी सांगितलं, धार्मिक काही नको, जाहिरात नको, कुणाचं नाव नको आणि घसरणारा रंग नको. गेल्या वर्षी मे महिन्यात क्लासना सुट्टी होती, तेव्हा ते सगळे बसले. मधोमध ठिपक्यांची मोठी रांगोळी आणि प्रत्येक घराने आपापल्या दारापुढे आपल्याला हवं ते काढायचं. दुसऱ्याच्या दारात कुणी काढायचं नाही, हे कुणाला सांगावंही लागलं नाही. समोरच्या बंगलीतल्या रावसाहेबांच्या सोजरबाईंनी ज्वारीचं कणीस काढलं. खराडीची जमीन विकून, नातवंडांच्या शाळेसाठी म्हणून ते इथे आले, पण त्या बाई अजून गच्चीवर मिरच्या लावतात. बाबांनी कासव काढायला घेतलं, तर त्यावर त्याच बाईंची हरकत. "अवो भाऊ, देवळात देवाम्होरं आसतं ते. त्याच्यावर पाय द्यायचा व्हय?" आता इंजिनिअरांचा नियमही मोडतो आणि सोजरबाईंचाही. बाबा म्हणाले, "वहिनी, देवळातलं दगडाचं असतं. हे महानगरपालिकेचं आहे. याचा वेगही तोच आहे." इंजिनिअरांना कळलं नाही म्हणून बरं.

त्या कासवाचा मागचा डावा पाय वाकडा होता, ते तुला ठाऊक नसेल. तू फोटो पाहिलास तो दुसऱ्या बाजूने काढलेला, आणि मार्चमध्ये इथे होतीस तेव्हा रस्त्याकडे बघायचं तुला सुचलं नसेल. काढत होते तेव्हा तिथे कुणाची तरी स्कूटर लावलेली होती. मालकाचा पत्ता नाही. दुसरं कुणी उचलून बाजूला केली असती. बाबा म्हणाले, राहू दे, आणि पाय स्कूटरच्या स्टँडला वळसा घालून काढला. नंतर स्कूटर गेली, पाय तसाच राहिला. कुणी विचारलं तर सांगायचे, त्याला संधिवात आहे.

मी त्यावर पाय देत नसे. कडेने जायची. बाबांना वाटायचं मी मनातून विरघळले. मी म्हटलं, तसं काही नाही, रंग चपलेला लागतो. पावसाळा येऊन गेला, रंग कधीच वाळला होता, तरी मी तेच सांगत राहिले. स्कूटरी हळू झाल्या का म्हणशील, तर काही झाल्या. पहिले काही महिने मुलं थांबून फोटो काढायची. नंतर सवय झाली. हे मी बाबांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मान्यही केलं होतं.

मार्चमध्ये काय झालं ते तुला सांगायला नको. तू तेरा दिवस इथे होतीस. पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तुझं विमान उशिरा आलं. त्यांना खाली आणलं तेव्हा तिरडी बांधायला गल्लीत दुसरी जागा नव्हती. सगळीकडे गाड्या होत्या. आपल्या दारापुढेच ठेवलं, कासवावर. बांबू, गवत, पांढरं कापड, आणि खाली हिरवी पाठ आणि पिवळे चौकोन. रावसाहेब तिथे हात जोडून उभे होते आणि खाली बघत होते. सोजरबाई त्यांच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, त्यांनाही माझ्यासारखंच काही सुचत नसेल. नंतर कळलं की त्या दोघांना तो रंग खुपला होता. मातीच्या दिवशी दारात रंग.

मला खुपला नाही. मला काहीच झालं नाही, कादंबरी. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की ओठ असतो, पण आपला नसतो. त्यावर बोट फिरवलं तर बोटाला कळतं, ओठाला नाही. तसं मार्चपासून आहे. तू तेव्हा माझ्याकडे सारखी बघायचीस, आता रडेल, मग रडेल म्हणून. मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. तू गेल्यावरही तसंच. पेपर येतो, दूध येतं, मी उठते. लोक भेटायला येतात, आणि मला समजतं की इथे आता डोळ्यांत पाणी यायला हवं, पण ते समजणंच असतं. वाईट वाटून घेऊ नकोस. दुखत नाही हेच सांगते आहे.

आता डांबर. वसुबारसेच्या दिवशी मी ताईकडे साताऱ्याला गेले होते. संध्याकाळी स्वारगेटला उतरून रिक्षाने आले. आपल्या कोपऱ्यावर रिक्षाला असा दणका बसला की माझी पिशवी पायात पडली. रिक्षावाला म्हणाला, "आज्जी, सकाळी नव्हता हा." उतरून पाहिलं तर आपल्या दारापुढे, बरोबर कासवाएवढं, काळंभोर डांबर. अजून वास येत होता. आणि रावसाहेब फाटकाशी उभे, कोपरापर्यंत हात काळे, शेजारी खराटा. त्यांचा पुतण्या रणजित रस्त्यांची कामं घेतो, त्याच्या साइटवरून उरलेलं आणलं आणि या वयात स्वतः ओतून स्वतः सारखं केलं. मला म्हणाले, "वैनी, दार साफ करून दिलं बगा. दिवाळी आली, अन् तुमच्या घरात दुःख. वरीस होईस्तवर दारात रंग बरा दिसत न्हाई. आमच्याकडं असंच हाय. अन् तुमाला बी ते कवा आवडलं न्हाई." मागून सोजरबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. आपल्याकडे यंदा सण नाही, तेव्हा फराळ शेजारच्यांनी आणायचा. तो रिवाज त्यांनी पाळला, आणि हाही त्याच हातासरशी पाळला.

मी म्हटलं, "बरं केलंत."

तेवढंच म्हटलं. एवढ्या वयाचा माणूस दिवसभर उन्हात माझ्या दारात राबला होता आणि शाबासकीच्या अपेक्षेने उभा होता, त्याला दुसरं काय म्हणतात? डबा घेतला, वर आले, दिवा लावला. पण "काकू बरं केलंत म्हणाल्या" हे गल्लीत फिरलं आणि फिरता फिरता "काकूंनी करून घेतलं" झालं. तेच तुझ्यापर्यंत आलं.

शौनक त्या दिवशी बाहेरगावी होता. परत आला तो तडक रावसाहेबांच्या दारात. मी खिडकीतून ऐकत होते. "काका, ते सरांनी स्वतःच्या हाताने काढलेलं होतं! शेवटचं काम होतं ते त्यांचं! तुम्ही एकदा विचारायचं तरी!" रावसाहेब म्हणाले, "आरं, वैनीच म्हनायच्या की रस्ता रंगवू नका. मी आपला त्यांच्यासाठी..." आणि आतून सोजरबाई, "तुमाला कुनी सांगितला हुता ह्यो शानपना? त्या नगं म्हनायच्या ते भाऊंच्या तोंडावर. नवरा-बायकूचं आसतं ते. तुमी कशाला मधी पडलाव?" त्याच बाई, ज्यांना मार्चमध्ये रंग खुपला होता. पण बोलल्या ते खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन रस्त्यावर बसले. डांबर निघेना. जिथे निघालं तिथे खालचा रंगही त्याच्याबरोबर निघाला. एक हिरवा कपचा हातात घेऊन ते तसेच बसून राहिले. स्कूटरवाले त्यांना वळसा घालून जात होते. मी खाली जाऊन म्हटलं, "रावसाहेब, उठा. गुडघे जातील." ते म्हणाले, "वैनी, चुकलं." मी म्हटलं, "चुकलं नाही. तुम्हाला जे शिकवलं ते तुम्ही केलंत." त्यांना वर आणून चहा दिला. साखर घालायची विसरले. त्यांनी तसाच प्यायला.

गंमत सांगू का? रावसाहेबांच्या डांबराला उंचवटा आला आहे आणि स्कूटरी आता खरोखर हळू होतात. नियमाप्रमाणे मिळाला नाही तो गतिरोधक सुतकाने दिला. बाबा असते तर दिवसभर हेच सांगत सुटले असते. मला ते सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून सांगायलाही लागले होते.

मधोमधची रांगोळीही आता पुसट झाली आहे, म्हणून मधल्या काळात पालिकेच्या मंजुरीचं पुन्हा निघालं. आता रीतसर परवानगी मिळते आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराची लेखी संमती पाहिजे, बाकी अटी त्याच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी रस्ता बंद ठेवून रंगवायचं आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, रावसाहेबांची सगळ्यांत आधी. राहिली होती माझी. कुणी तोंडाने मागितली नाही. शौनक जिन्यात भेटला की उगाच हवापाण्याचं बोलायचा, आणि हवापाण्याबद्दल माझ्याशी अंदाजाने बोलू नये हे त्याला कळायला हवं.

मी आज सही केली. माझं मत बदललेलं नाही. रस्ता रोज तिथून जाणाऱ्या अनोळखी माणसाचाही आहे, हे मी आजही उभं राहून सांगेन. पण इतक्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फ्लेक्स लागला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मागे पाइपसाठी रस्ता खणला तेव्हा विचारलं नाही. डांबर पडलं तेव्हाही नाही, आणि ते तर माझ्या भल्यासाठी होतं. या गल्लीत माझा विरोध सगळ्यांनी बसून ऐकून घेतला आणि मग केली, अशी एकच गोष्ट झाली. ती तुझ्या बाबांचं चित्र. शहराने लोकांना रस्ते रंगवू द्यावेत की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जे आधी बैठक घेतात आणि नाही म्हणणाऱ्यालाही खुर्ची देतात त्यांना द्यावेत. सहीखाली मी एक अट लिहिली आहे, की दर दोन वर्षांनी पुन्हा प्रत्येक घराला विचारायचं. एकदा हो म्हटलं म्हणजे जन्मभराचं हो, असं नको. शौनकने वाचून मान डोलावली.

त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. म्हणाला, "काकू, हे प्रोजेक्ट करून ट्रेस करतो, कासव जसंच्या तसं होईल. पाय फक्त नीट करून घेतो." मी नको म्हटलं. कासवच नको म्हटलं. सरळ पायाचं ते कासव मला रोज ओलांडता येणार नाही. त्याला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते. माझ्या ओठाला तेवढ्या क्षणापुरतं काहीतरी कळलं, आणि मला ते नको होतं.

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण. मी डांबर पाडलं नाही, हे सांगायला एवढे कागद लागत नाहीत, आणि तू मला दोषी धरलंस तरी मी जगू शकते. पण आपल्या दारापुढचा तुकडा मी मोकळा ठेवायला सांगितला आहे. दुसऱ्याच्या दारात कुणी काढत नाही, तेव्हा तो शौनक काढणार नाही, त्याचा तुकडा त्याच्या खिडकीपुढे वेगळा आहे, रावसाहेब तर नाहीच नाही. आणि माझं वर्ष मार्चपर्यंत आहे, माझ्या हातून दारात रंग पडायचा नाही. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही असं तू म्हणशील. नाही, पण रावसाहेबांचा आहे, आणि ते समोर राहतात. मार्चमध्ये गुरुजींनी तुला सांगितलं होतं की लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं तीनच दिवस, आणि तू त्यांच्या अंगावर धावून गेलीस, की माझे बाबा तीन दिवसांत संपले का? मी गुरुजींची बाजू घेतली. त्यावरून तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. मी आजही त्यांचीच बाजू घेते. तुझं सुतक केव्हाच फिटलं. या घराच्या दारात रंग टाकता येईल अशी आता एकटी तूच आहेस. काय काढायचं ते मी सांगणार नाही, आवडलं नाही तर मात्र सांगेन. शनिवारच्या रात्रीच्या गाडीने निघालीस तर रविवारी उशीर होईल, शुक्रवारी निघ. नाही आलीस तर तो तुकडा काळा राहील, आणि तेही चालेल, कुणी तुला बोल लावणार नाही. पण ये.

तुझीच, आणि तुझ्यावर न रागावलेली,
आई

आज दुपारी शौनककडे दिलेल्या वस्तूंची नोंद, तुझ्या माहितीसाठी. बाबांची आखायची सुतळी, गाठी मारलेली. काटकोन आखायचा लाकडी गुण्या. ब्रश, लहान-मोठे, धुऊन. पिवळ्या रंगाचा डबा, रंग वाळलेला, शेडचा नंबर वाचता यावा म्हणून डब्यासकट. मिळाल्याची सही त्याने केली आहे. रस्त्यावर बसताना बाबा गुडघ्यांखाली घेत ती उशी, माझ्या जुन्या सुती साडीची, मी शिवलेली, दिली नाही. ती घरी आहे.